संगणकाचा मेनू आपल्या कामाला लावा

दिवसा कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी सात ते नऊ वस्तीतील समाजमंदिरात लोकांचे अर्ज लिहून देणे, हा आमचा कित्येक वर्षांचा क्रम आहे. शाळेच्या दाखल्यात नाव दुरुस्त करायचे असते, रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे असते, निराधार योजनेत अर्ज करायचा असतो, माहितीच्या अधिकारात एखादी माहिती मागायची असते. अशी नाना कामे घेऊन माणसे येतात. आता पुष्कळ अर्ज ऑनलाइन भरावे लागतात हे खरे. पण कागदी अर्ज काही संपलेला नाही. साहेबांपुढे उभे राहायचे तर हातात कागद लागतोच.

पूर्वी आम्ही हे अर्ज हाताने लिहीत असू. पुढे एका नोकरदार बांधवाने आपला जुना संगणक समाजमंदिराला दिला. आता काम झपाट्याने होईल असे वाटले. झालेही, पण अर्धेच. लिहिणे भराभर होऊ लागले आणि वाचलेला वेळ कागद नीट मांडण्यात जाऊ लागला. कोणी मजकूर मोबाइलवरून पाठवी, कोणी सायबर कॅफेतून आणी. एकाची अक्षरे बारीक, दुसऱ्याची सगळीच ठळक, तिसऱ्याच्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या. मग सगळा मजकूर निवडा, जुनी सजावट काढा, अक्षर एकसारखे करा, आकार वाढवा, ओळींत अंतर टाका, दोन्ही कडा सरळ करा, शेवटी जा, ठिकाण लिहा, तारीख लिहा, सहीची जागा सोडा. एका अर्जामागे दहा कामे. एका संध्याकाळी वीस अर्ज आले की दोनशे वेळा तेच ते. बाहेर ओट्यावर माणसे ताटकळत आणि आत आम्ही माऊस फिरवीत बसलेलो.

हा वेळ वाचवायला आम्ही मॅक्रो शिकलो आणि संगणकाच्या मेनूत आपला स्वतःचा एक मेनू घातला. त्याच मॅक्रोपायी एका मावशींचा एक दिवसाचा रोजही आम्ही बुडवला. या दोन्ही गोष्टी आज वाचक बंधू-भगिनींना सांगायच्या आहेत. नुसता फायदा सांगून तोटा लपवणे बरे नव्हे.

मेनू म्हणजे काय, मॅक्रो म्हणजे काय?

हॉटेलात भिंतीवर पदार्थांची यादी लावलेली असते. त्या यादीत जे असेल तेच मागता येते. संगणकावर लिहिण्याचा कार्यक्रम उघडला की वरच्या पट्टीवर फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स असे शब्द दिसतात. ती अशीच यादी. शब्दावर क्लिक केले की खाली आज्ञांचा पडदा सुटतो. यालाच मेनू म्हणतात.

आता मॅक्रो. घरात आई मुलीला म्हणते, "चहा टाक." एवढेच दोन शब्द. पातेले घे, पाणी घाल, गॅस पेटव, साखर घाल, पत्ती घाल, दूध ओत, गाळ, असे सात हुकूम ती देत नाही. मुलीला ते एकदा शिकवलेले असते. मॅक्रोही तसाच. आपण दहा आज्ञा एकदा संगणकाला ओळीने करून दाखवायच्या आणि त्या सगळ्यांना मिळून एक नाव द्यायचे. पुढे ते एक नाव उच्चारले की दहाही कामे होतात.

पण मुलीत आणि संगणकात एक फरक आहे. साखरेच्या डब्यात चुकून मीठ असले तर मुलीच्या ते लक्षात येईल. संगणकाच्या येणार नाही. शिकवताना आपल्या हातून मीठ पडले तर तो जन्मभर मीठच घालील. हा फरक आम्हाला अनुभवानेच कळला. त्याची हकीगत पुढे येईलच.

ही सोय जुनीच आहे

पुष्कळांना वाटते की संगणकातली यादी कंपनीने ठरवली, तिला आपण कोण हात लावणार? पण लिहिण्याच्या कार्यक्रमांत यादी आपल्या सोयीने बदलण्याची रीत पहिल्यापासून आहे. १९७६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ईमॅक्स नावाचा संपादनाचा कार्यक्रम तयार झाला. त्याचे नावच मुळी 'एडिटिंग मॅक्रोज' या शब्दांवरून पडले. तेथील मंडळींनी आपापल्या सोयीचे मॅक्रो करून ठेवले होते. ते एकत्र गोळा करून हा कार्यक्रम उभा राहिला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही नावे त्या कामाशी जोडलेली आहेत.

आमच्या आधीच्या पिढीतील कारकून ज्या वर्डस्टारवर शिकले तो १९७८ सालचा. त्यात पडद्याच्या वरच्या भागात आज्ञांची यादी सतत उघडी असे आणि हात सरावला की ती कमी करता येई, म्हणजे लिहायला जागा जास्त मिळे. वर्डपर्फेक्टमध्ये कंट्रोल आणि एफ-१० या कळा दाबून मॅक्रो नोंदवता येत असे. ऑल्ट आणि एखादे अक्षर दाबले की तो चाले. त्याच्या १९८९ सालच्या ५.१ आवृत्तीत खाली सुटणारे मेनूही आले.

मायक्रोसॉफ्टचा वर्ड १९८३ साली निघाला आणि १९८९ साली विंडोजवर आला. विंडोजवरच्या वर्डमध्ये मॅक्रोसाठी वर्डबेसिक ही भाषा होती. वर्ड ९७ पासून तिच्या जागी व्हिज्युअल बेसिक आली.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा कचेरीत असलेला वर्ड मोठा गमतीचा होता. वर्ड २००० ते वर्ड २००३ या काळात मेनू आधी अर्धवटच उघडत असे. आपण ज्या आज्ञा कमी वापरतो त्या संगणक आपण होऊन लपवी आणि खालच्या दुहेरी बाणावर क्लिक केले की दाखवी. आमच्या शेजारच्या टेबलावरचे एक वयस्क कारकून रोज ओरडत, "अरे, काल होती ती आज्ञा आज गेली कुठे? कोणी काढली?" कोणीच काढलेली नसे. टूल्समधल्या कस्टमाइझ या खिडकीत 'पूर्ण मेनू नेहमी दाखवा' अशा अर्थाची एक चौकट होती. तिच्यात खूण केली आणि काकांची कटकट मिटली. यादी आपल्याला बदलता येते, हे त्या दिवशी आम्हाला प्रथम कळले.

पुढे वर्ड २००७ आला आणि वरचे मेनू जाऊन त्या जागी रिबन नावाची रुंद पट्टी आली. हात बसलेल्या माणसांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. त्या आवृत्तीत साध्या वापरणाऱ्याला फक्त वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या पट्टीत आपली बटणे घालता येत. वर्ड २०१० पासून रिबनमध्येही आपला स्वतंत्र भाग करता येऊ लागला. सांगायचे तात्पर्य असे की यादी कंपनी ठरवते, पण वापरणाऱ्यासाठी एक दार ती उघडे ठेवते. त्या दारातून आत जायचे की नाही, हे आपण ठरवायचे.

आम्ही काय केले

समाजमंदिरातल्या संगणकावर लिबरऑफिस आहे. हा कार्यक्रम फुकट मिळतो. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळी होऊन त्याची शाखा निघाली. त्याचे मेनू मराठीतही करून घेता येतात. आमचे मेनू इंग्रजीत आहेत, म्हणून येथे तीच नावे देतो. आवृत्तीप्रमाणे एखादा शब्द मागेपुढे होईल, त्याने गोंधळू नये.

पहिली पायरी परवानगीची. लिबरऑफिसमध्ये मॅक्रो नोंदवण्याची सोय सुरुवातीला बंद असते. टूल्स, मग ऑप्शन्स, मग लिबरऑफिस, मग ॲडव्हान्स्ड असे जावे. तेथे 'एनेबल मॅक्रो रेकॉर्डिंग' या चौकटीत खूण करावी. हे एकदाच करायचे असते.

दुसरी पायरी नोंदीची. एखादा वेडावाकडा आलेला अर्ज उघडावा. टूल्स, मॅक्रोज, रेकॉर्ड मॅक्रो असे गेले की 'स्टॉप रेकॉर्डिंग' असे एक छोटे बटण पडद्यावर येते. येथून आपण जे करू ते संगणक टिपून घेतो. आम्ही सगळा मजकूर निवडला, जुनी सजावट काढली, अक्षराचा टाइप आणि आकार ठरवला, ओळींतील अंतर दीडपट केले, दोन्ही कडा सरळ केल्या आणि थांबायचे बटण दाबले. मग 'माय मॅक्रोज' खालच्या 'स्टँडर्ड' मध्ये त्याला नाव देऊन ठेवून दिले. हे नाव रोमन अक्षरांत द्यावे, मध्ये मोकळी जागा सोडू नये आणि सुरुवात आकड्याने करू नये. मेनूत दिसणारे नाव पुढे मराठीत बदलता येते, त्याची काळजी नको.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आमचे दोन दिवस तिच्यात गेले. मजकूर माऊसने ओढून निवडला तर मॅक्रो ते टिपत नाही. कळफलकाने निवडला तरच टिपतो. म्हणून सगळा मजकूर निवडताना कंट्रोल आणि ए, शेवटी जाताना कंट्रोल आणि एंड, अशा कळाच वापराव्यात. मधेच दुसरी खिडकी उघडून तेथे केलेले कामही नोंदले जात नाही.

तिसरी पायरी मेनूची. टूल्समधील कस्टमाइझ उघडून 'मेनूज' हा भाग निवडावा. उजवीकडे वर 'टार्गेट' म्हणून मेनूंची यादी असते. तिच्या शेजारच्या बटणातून 'ॲड' निवडले की नवा मेनू करता येतो. आम्ही त्याला 'आपले अर्ज' असे नाव दिले. बाणांनी त्याची जागा मागेपुढे करता येते. मग डावीकडे 'कॅटेगरी' मध्ये 'मॅक्रोज' निवडून आपला मॅक्रो शोधला आणि मधल्या बाणाने उजवीकडे आणला. 'मॉडिफाय' मधून त्याचे नाव 'मजकूर नीट करा' असे ठेवले.

आमच्या मेनूत आज चारच ओळी आहेत. पहिली 'मजकूर नीट करा'. दुसरी 'शेवट घाला', म्हणजे अर्जाच्या शेवटी ठिकाण, तारीख आणि सहीची जागा. तिसरी 'छापण्याआधी पाहा'. चौथी 'पीडीएफ करा'. यांतल्या शेवटच्या दोन ओळींना मॅक्रो लागलाच नाही. त्या आज्ञा कार्यक्रमात होत्याच, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी दडलेल्या. त्या उचलून आपल्या मेनूत आणल्या, एवढेच. नव्याने शिकणाऱ्याने सुरुवात येथूनच करावी हे उत्तम. यात बिघडण्यासारखे काही नाही, आणि काही चुकलेच तर कस्टमाइझ मध्ये मेनू मूळ स्थितीला आणण्याची सोय असते.

ज्या संध्याकाळी हा मेनू प्रथम चालवला, त्या दिवशी आठला ओटा रिकामा झाला. माणसे लवकर घरी गेली. आमच्या घरीही आश्चर्य वाटले.

मावशींचा अंगठा

आता चुकीची गोष्ट. 'शेवट घाला' हा मॅक्रो आम्ही घाईत नोंदवला होता. त्या वेळी समोर एका ताईंचा अर्ज उघडा होता. अर्जाच्या शेवटी जाऊन आम्ही ठिकाण लिहिले, तारीख लिहिली, सहीची रेघ मारली आणि सवयीने रेघेखाली त्या ताईंचे नावही लिहिले. मग नोंद थांबवली. त्या ताईंचा अर्ज ठाकठीक होता. म्हणून मॅक्रोही ठाकठीक आहे असे आम्ही धरून चाललो.

पुढच्या अर्जांवर तेच नाव उमटू लागले. दोघीजणींना वाचता येत होते. त्यांनी जागीच दाखवले, "भाऊ, हे नाव माझं नाही." आम्ही ते खोडून दुरुस्त केले आणि मॅक्रोत काय आहे ते सावकाश पाहू, असे म्हणून पुढच्या माणसाला बोलावले. पुढच्या होत्या एक मावशी. निराधार योजनेचा अर्ज. त्यांना अक्षरओळख नाही. वर त्यांचे नाव बरोबर, मजकूर बरोबर, पत्ता बरोबर. खाली मात्र दुसऱ्याच बाईचे नाव आणि त्याच्या वर मावशींचा अंगठा. ते आम्ही पाहिले नाही आणि मावशींना पाहता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मावशी भांगलणीचा रोज बुडवून, एसटीने तालुक्याला गेल्या. दुपारपर्यंत रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीवरच्या माणसाने कागद परत केला. अर्जदार एक आणि अंगठ्याखाली नाव दुसरीचे, असा अर्ज तो घेणार तरी कसा? त्याची काही चूक नव्हती.

संध्याकाळी मावशी तोच कागद घेऊन समाजमंदिरात आल्या. रागावल्या असत्या तर आम्हाला बरे वाटले असते. त्या इतकेच म्हणाल्या, "दादा, तुम्ही लिवलं म्हणून मी अंगठा केला."

तो कागद आम्ही अजून जपून ठेवला आहे. संगणक चुकला असे म्हणणे सोपे होते, पण ते खोटे झाले असते. संगणकाने आम्ही शिकवले तेच केले. दोघीजणींनी चूक दाखवून दिल्यावरही हात न थांबवणारे आम्हीच. हाताने लिहीत होतो तेव्हा प्रत्येक अर्ज लिहिता लिहिता आपोआप वाचला जाई. मॅक्रोने लिहिण्याचे श्रम वाचवले आणि त्याबरोबर ते वाचणेही गेले. मावशींचा बुडालेला रोज आणि एसटीचे भाडे आम्ही दिले. त्यांनी नको नको म्हणत घेतले. पण ती भरपाई पैशाची झाली.

मग काय बदलले

त्या दिवशी अर्ज लिहायला मदत करणारी दहावीतली एक मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारले, "काका, मॅक्रोत माणसाचं नाव गेलंच कसं?" प्रश्न साधा होता, पण सगळे मर्म त्यातच होते. मॅक्रोत तेवढेच घालावे जे प्रत्येक अर्जात सारखे असते. जे माणसागणिक बदलते ते कधीही घालू नये. नाव, वय, पत्ता, रक्कम, दाखल्याचा नंबर, यांपैकी काहीही नाही.

आम्ही तो मॅक्रो पुसून टाकला आणि नव्याने नोंदवला. या वेळी समोर कोणाचाही खरा अर्ज न ठेवता कोरा कागद घेतला. नावाच्या जागी ठिपके टाकले. ठिपके डोळ्यांना खुपतात, ते भरल्याशिवाय कागद पुढे जात नाही. तारखेचीही तीच चूक होती. हाताने टाइप केलेली तारीख मॅक्रोत गेली की पुढच्या महिन्यातही तीच तारीख उमटणार. म्हणून इन्सर्ट, फील्ड, डेट ही आज्ञा नोंदवली. तिने मॅक्रो चालेल त्या दिवसाची तारीख पडते आणि कागदावर पुढे तशीच राहते.

आणखी तीन नियम केले. पहिला, नवा मॅक्रो आधी जुन्या अर्जाच्या प्रतीवर तीन वेळा चालवून पाहायचा, खऱ्या कागदावर नाही. उलटे काही झालेच तर कंट्रोल आणि झेड दाबत मागे यायचे. दुसरा, प्रत्येक मॅक्रो काय काय करतो ते वहीत साध्या मराठीत लिहून ठेवायचे. उदाहरणार्थ, 'मजकूर नीट करा' हा मॅक्रो हाताने ठळक केलेली अक्षरेही साधी करून टाकतो, तेव्हा विषयाची ओळ नंतर पुन्हा ठळक करावी. ही वही संगणकाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. आम्ही एखाद्या दिवशी आलो नाही तर काम अडायला नको. तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. छापलेला अर्ज पहिल्या ओळीपासून सहीखालच्या नावापर्यंत अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. याला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मॅक्रोनेच वाचवून दिलेली आहेत.

सगळीकडे मॅक्रो कशाला?

एकदा हात बसला की माणसाला प्रत्येक कामात मॅक्रो करावासा वाटतो. तसे करू नये. तोच मजकूर पुन्हा पुन्हा लागत असेल तर ऑटोटेक्स्ट पुरे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचा जोडपत्र 'अ' चा कोरा नमुना आम्ही असाच ठेवला आहे. नमुना निवडून टूल्समधील ऑटोटेक्स्ट मध्ये त्याला एक छोटे नाव दिले. आता ते नाव टाइप करून एफ-३ दाबले की पूर्ण नमुना कागदावर येतो. मॅक्रो कामांसाठी, ऑटोटेक्स्ट मजकुरासाठी, एवढा भेद ठेवला की पुरे. मेनूतही ओळींची गर्दी नको. चाळीस ओळींचा मेनू केला तर आपणच त्यात आज्ञा शोधत बसू.

ज्यांच्याकडे वर्ड आहे त्यांनी व्ह्यू या भागातील मॅक्रोज मधून रेकॉर्ड मॅक्रो निवडावे. तेथेही मजकूर माऊसने निवडता येत नाही, कळांनीच निवडावा लागतो. मग फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन असे जाऊन आपला नवा टॅब करावा आणि आज्ञांच्या यादीत मॅक्रोज निवडून आपला मॅक्रो त्यात आणावा. मॅक्रोला कळ नेमून देताना जपावे. सेव्ह करण्याची नेहमीची कळ चुकून मॅक्रोला दिली तर ती मॅक्रोच चालवील, फाइल सेव्ह होणार नाही.

परक्या मॅक्रोपासून सावध

आपण केलेला मॅक्रो आपला नोकर, पण परक्याने पाठवलेला मॅक्रो घरात शिरलेला चोरही असू शकतो. १९९५ साली वर्डच्या मॅक्रोतून पसरणारा कॉन्सेप्ट नावाचा व्हायरस जगभर फिरला. त्याने केलेली युक्ती आपल्या विषयाशीच निगडित आहे. वर्डमध्ये मॅक्रोला एखाद्या मूळ आज्ञेचेच नाव दिले तर त्या आज्ञेऐवजी मॅक्रो चालतो. कॉन्सेप्टने 'सेव्ह ॲज' ही आज्ञा अशीच बळकावली. माणूस फाइल सेव्ह करी आणि रोग त्या फाइलला लागे. मेनूवर नाव जुनेच, आत माणूस दुसरा!

मार्च १९९९ मध्ये मेलिसा हा व्हायरस आला. वर्डची फाइल उघडली की तो त्या माणसाच्या पत्त्यांच्या वहीतील पहिल्या पन्नास जणांना ईमेलने स्वतःची प्रत पाठवी. तो सोडणाऱ्या डेव्हिड स्मिथला २००२ साली अमेरिकेत वीस महिन्यांची कैद झाली. अशा अनुभवांनंतर २०२२ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. लिबरऑफिसमध्येही मॅक्रोची सुरक्षा मुळातच वरच्या पातळीवर ठेवलेली असते. ती पातळी खाली आणू नये.

घरातल्या मुलामुलींना एक गोष्ट बजावून सांगावी. नोकरीची जाहिरात, शिष्यवृत्तीची यादी, बँकेचे पत्र अशा नावाने फाइल आली आणि ती उघडताना 'मॅक्रो चालू करू का?' असे संगणकाने विचारले, तर उत्तर 'नाही'. साध्या पत्राला किंवा यादीला मॅक्रोची गरजच नसते. ज्याची गरज नाही ते मागतो आहे म्हणजे पाणी कुठेतरी मुरते आहे.

शेवटी एवढेच

आपल्यातील पुष्कळ मुले-मुली टायपिंग शिकतात, संगणकाचा कोर्स करतात आणि कुठेतरी ऑपरेटर म्हणून लागतात. समोर असेल ती यादी, सांगितले जाईल ते बटण, असे काम वर्षानुवर्षे करतात. त्यांना आमचे सांगणे आहे की महिन्यातला एक रविवार काढून कस्टमाइझ ही खिडकी उघडून पाहा. आपण दिवसात कोणते काम पुन्हा पुन्हा करतो ते कागदावर लिहा आणि त्यातले एक मॅक्रोला शिकवा. त्याला एक पैसाही पडत नाही. कचेरीचा संगणक असेल तर मात्र आधी साहेबांना विचारा. जो आपले काम लहान करून दाखवतो त्याच्याकडे कचेरीत वेगळ्या नजरेने पाहतात, हा आमचा अनुभव आहे.

समाजमंदिरात तो मेनू आता ती दहावीतली मुलगीच चालवते. ती आता कॉलेजात जाते. मागच्या आठवड्यात तिने पाचवी ओळ घालू का म्हणून विचारले. आम्ही म्हटले, आधी वहीत लिही, मग प्रतीवर तीन वेळा चालवून दाखव. तिने दोन्ही केले. तेवढ्यात मावशी आल्या, आता नातीच्या शाळेचा अर्ज घेऊन. मुलीने अर्ज छापला आणि कागद पुढे करण्याआधी म्हणाली, "आजी, बसा. आधी वाचून दाखवते."